पक्षिमित्र डॉ. सलीम अली



सकाळी रंकाळ्यावर गेलात तर गळ्यात दुर्बीण अडकवलेली, लांबलचक भिंगाचा कॅमेरा सांभाळणारी हौशी मंडळी दिसतात. ती पाहून घरी मुलांचा हट्ट सुरू होतो आणि पालक आम्हा शिक्षकांना विचारतात, गुरुजी, काय घेऊन द्यावे? त्यांना मी आधी एका माणसाची हकिकत सांगतो.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते शेंडेफळ. ते वर्षाचे असताना वडील आणि तीन वर्षांचे असताना आई पैगंबरवासी झाली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. लहानपणी त्यांच्या हाती आली ती दुर्बीण नव्हे, तर छऱ्याची बंदूक! तिने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले आणि मुलाचा मार्ग ठरला.

मार्ग ठरला, पण सोपा झाला नाही. कॉलेजचे पहिलेच वर्ष जड गेले. ते सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायाला गेले. तिथेही लक्ष पक्ष्यांकडेच. पुढे विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. (पदवीचे महत्त्व मुलांना सांगणे हा माझा पेशाच आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.) १९२९ साली बर्लिनला जाऊन ते प्रा. स्ट्रेझमान यांच्याकडे शिकले. १९३० साली परतले, तो मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झालेली!

बेकारीत ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला राहिले. तिथे सुगरणींची वसाहत होती. रोज बसून त्यांनी नुसते पाहिले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते तपासते, पसंत पडले तर राहते. मग नर ते पुरे करून दुसरे विणायला घेतो. या निरीक्षणाने त्यांचे नाव झाले. आपल्या उसाच्या पट्ट्यात विहिरीवर लोंबणारी हीच घरटी साध्या डोळ्यांनीही दिसतात.

तेव्हा पालकहो, प्रथम आठ पट मोठे दाखवणारी, दोन्ही डोळ्यांनी पाहायची हलकी दुर्बीण पुरे. त्याहून जास्त शक्तीची घेतली तर हात हलतो आणि पक्षी नाचतो. एका डोळ्याची मोठी दुर्बीण तिपाईशिवाय निरुपयोगी; ती तळ्याकाठी बसणाऱ्यांसाठी. कॅमेरा सर्वांत शेवटी. उडत्या पक्ष्यासाठी तीनशे-चारशे मिलिमीटरचे भिंग लागते, आणि खर्च त्या भिंगाचाच.

खुद्द सलीम अलींना छायाचित्रणाची गोडी लावली ती सिंगापूरचे धनाढ्य व्यापारी लोके वान थो यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते भारतात आले होते. दोघांनी रानोमाळ भटकंती केली. लोके १९६४ साली विमान अपघातात गेले.

सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले. १९५८ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. १९८५ साली आत्मचरित्र आले. त्याच्या नावात चिमणीच आहे. १९८७ साली, नव्वदी गाठून, मुंबईतच त्यांचे निधन झाले.