बनफशाचे सरबत आणि रॉबर्ट बॉईल

खोकल्यावर हकीमसाहेब बनफशाचे सरबत देतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. या जांभळ्या फुलाला इंग्रज लोक व्हायोलेट म्हणतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील औषधविक्रेत्यांकडेही त्याचे सरबत मिळत असे. त्यातूनच रसायनशास्त्राला आम्ल आणि अल्कली ओळखण्याची एक कसोटी मिळाली. ती देणारे रॉबर्ट बॉईल यांचे नाव आपण वायूच्या दाबाच्या नियमामुळे ओळखता. आज मला त्यांच्या या दुसऱ्या कामाविषयी सांगायचे आहे.

बॉईल यांचा जन्म २५ जानेवारी १६२७ रोजी आयर्लंडमधील लिस्मोर येथील किल्ल्यात झाला. वडील अर्ल ऑफ कॉर्क, म्हणजे अफाट श्रीमंत. रॉबर्ट हे त्यांचे चौदावे अपत्य. तीन वर्षांचे असतानाच आई वारली. मुलगा बोलताना अडखळे, प्रकृतीनेही नाजूक. आठव्या वर्षी इंग्लंडातील ईटन शाळेत आणि बाराव्या वर्षी शिक्षकासोबत युरोपात त्यांची रवानगी झाली. पुढे आयर्लंडमध्ये बंड होऊन घरून येणारा पैसा आटला, १६४३ साली वडीलही गेले. १६४४ मध्ये ते इंग्लंडला परतले, तेव्हा वय अवघे सतरा.

वाट्याला आलेल्या स्टॉलब्रिजच्या जहागिरीत त्यांनी प्रयोगशाळा उभारायचे ठरविले. मागविलेली मातीची भट्टी वाटेतच फुटून तिचे तुकडे हाती आले! पण नाद सुटला नाही. पुढे ऑक्सफर्डला रॉबर्ट हूक यांच्या मदतीने त्यांनी हवेचा पंप तयार केला आणि १६६२ मध्ये तो प्रसिद्ध नियम मांडला.

१६६४ मध्ये रंगांवरील त्यांचा ग्रंथ निघाला. त्यातील प्रयोग अगदी साधा आहे. पांढऱ्या कागदावर बनफशाच्या सरबताचे थेंब टाकायचे. त्यावर आम्लाचा थेंब पडला की रंग लाल होतो. झाडांच्या राखेतून काढलेल्या क्षाराचे पाणी पडले की हिरवा होतो. (अल्कली हा शब्द मूळचा अरबी, अल्-कली म्हणजे अशी राख.) आम्लाने सरबत लाल होते हे औषधविक्रेत्यांना आधीच माहीत होते. मग बॉईल यांनी नवीन काय केले? ते एका पदार्थावर थांबले नाहीत. एकामागून एक पदार्थ घेऊन त्यांनी पाहिले की आम्ले सरबत लाल करतात आणि अल्कली हिरवे. काही पदार्थांनी मात्र रंग बदलतच नाही. हे तिसरे निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. कारण त्या काळी काही वैद्य शरीरातील सारे व्यवहार आम्ल आणि अल्कली या दोघांच्या झगड्यातूनच समजावीत. १६७५ मध्ये बॉईल यांनी या मताची कठोर तपासणी केली.

हे आपल्या घरीही करता येते. जास्वंदीच्या लाल पाकळ्या गरम पाण्यात ठेवा. त्या पाण्यात लिंबू पिळले की ते गुलाबी-लाल होते, पापडखार टाकला की हिरवट. दस्तरखानावर पडलेला हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो, तोही याच जातीचा बदल.

माझ्या वर्गातील एक अनुभव सांगतो. हळदीचा कागद खाण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणात बुडवायचा होता. रंग जेमतेम बदलला, तरी बहुतेक मुलांनी गाईडमध्ये वाचून लाल असे लिहिले. एका मुलीने मात्र फारसा बदल नाही असे लिहिले, आणि गुण जातील म्हणून वही लपविली. तिचेच बरोबर होते. सोडा सौम्य आहे, हळद तेथे पक्की लाल होत नाही. घरी, पालकहो, आपण अशी वही पाहाल तेव्हा आधी विचारा की मुलाने काय पाहिले. बॉईल यांनी तर फसलेल्या प्रयोगांवर १६६१ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिले होते.

एवढा चिकित्सक माणूस, पण हलक्या धातूचे सोने करता येईल ही त्यांची समजूत अखेरपर्यंत कायम होती. १६६८ पासून ते लंडनला बहीण कॅथरीन यांच्या घरी राहिले. १६७० मध्ये अर्धांगवायूचा झटका आला, डोळेही अधू झाले, म्हणून ते लेखनिकांना सांगून लिहवून घेत. १६८० मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद चालून आले. शपथ घेणे मनाला पटेना, म्हणून नाकारले. लग्न त्यांनी केलेच नाही. डिसेंबर १६९१ मध्ये कॅथरीन वारल्या, आणि आठच दिवसांनी, ३१ डिसेंबरला, बॉईल गेले. बहिणीजवळच त्यांना पुरले. ते चर्च पुढे पाडून नवे बांधले गेले आणि कबरीची खूण राहिली नाही.