डॉक्टर आनंदीबाई जोशी यांनीं निवडलेली वाट

चाकणाच्या आसपास आतां शेतांच्या जागीं कारखाने उभे राहिले आहेत. तरी बारावीचा निकाल लागला म्हणजे आईबाप आमच्याकडे येऊन विचारतात कीं, मुलीस एमबीबीएसला घालावें, आयुर्वेदाच्या कॉलेजांत घालावें, कीं परिचारिकेचें शिक्षण द्यावें? बहुतेकांचें लक्ष मानाकडे व फीकडे असतें. अशा वेळीं आम्हांस आनंदीबाईंची आठवण होते.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं कल्याणच्या एका ब्राह्मण घराण्यांत झाला. नवव्या वर्षीं पोस्टांतील नोकर गोपाळराव जोशी यांच्याशीं त्यांचें लग्न झालें. बायकोनें शिकलेंच पाहिजे असा गोपाळरावांचा हट्ट होता, व त्यापायीं ते तिच्याशीं कठोरपणेंही वागत. चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंस मुलगा झाला. तो दहा दिवसांतच गेला. पुरुष डॉक्टरांपुढें जाण्यास स्त्रिया लाजत व औषधावांचून मरत, हें त्यांनीं पाहिलें होतें.

वाटा अनेक होत्या. मद्रासचें मेडिकल कॉलेज १८७५ पासून स्त्रियांस घेत असे. इतरत्र सुइणीच्या कामाचे वर्ग होते. परंतु येथील शिक्षण अपुरें आहे, असें त्यांनीं २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील सेरामपूर येथें, केरीसाहेबांच्या कॉलेजांत, भरसभेंत सांगितलें. आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, हेंही त्यांनीं सांगितलें.

येथें आम्हां मिशनच्या लोकांस खालीं पाहावें लागतें. गोपाळरावांनीं प्रथम वाइल्डर नामक मिशनऱ्याकडे साहाय्य मागितलें, तेव्हां ख्रिस्ती होण्याचा सल्ला मिळाला. तो पत्रव्यवहार अमेरिकेंतील एका मिशनपत्रांत छापला गेला. न्यू जर्सीच्या मिसेस कार्पेंटर यांनीं तो दंतवैद्याकडे बसल्या असतां वाचला, आणि कांहींएक अट न घालतां आनंदीबाईंस आपल्या घरीं बोलाविलें. शेजाऱ्यावर प्रीति करणें तें हेंच, असें आम्हांस वाटतें.

एप्रिल १८८३ मध्यें आनंदीबाई पतीस मागें ठेवून कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फियाचें स्त्रियांचें मेडिकल कॉलेज त्यांनीं निवडलें. थंडी व अपुरा आहार यांनीं त्यांची प्रकृति ढासळली. तरी ११ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं पदवी घेतली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयानें त्यांस गांठलें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यांत त्यांचें निधन झालें. कोल्हापुरास त्या कामावर कधींच रुजू झाल्या नाहींत. त्यांच्या अस्थि मिसेस कार्पेंटर यांनीं न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेविल्या.

मग ती वाट चुकली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. कोणाचें दुःख निवारावयाचें हें त्यांनीं आधीं ठरविलें, आणि तें काम नीट कोठें शिकतां येईल हें मागून पाहिलें. आईबापांनो, तुम्हींही मुलीस प्रथम हेंच विचारा. पण तिच्या अन्नाची व प्रकृतीची चौकशी करण्यास विसरूं नका. दूर शिकावयास पाठविलेल्या लेंकराला नुसता आशीर्वाद पुरत नाहीं, ही गोष्ट आनंदीबाईंच्या मरणावरून आम्ही शिकलों आहों.