हिंगणघाटचा लॅम्ब्टन

माउंट एव्हरेस्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. ज्या जॉर्ज एव्हरेस्टवरून ते नाव पडलं, त्याच्या साहेबाचं नाव विचारा, तर सिव्हिलचे फायनल इयरवालेसुद्धा छताकडे बघायला लागतात. त्याचं नाव विल्यम लॅम्ब्टन. तो वारला आपल्या महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, २० जानेवारी १८२३ रोजी. त्याची कबरही तिथेच आहे.

मला हा माणूस भेटला तो जीआयएसच्या लॅबमध्ये. आपापल्या एरियाची जुनी टोपोशीट सॅटेलाइट इमेजवर बसवायची असं प्रॅक्टिकल होतं. मी मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहते, म्हणून तोच भाग घेतला. सेंटिनेल-२ ची इमेज फुकट मिळते, तिचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. सरांनी मुद्दाम शीटवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे टाकायला लावले. बघतो तर काय, खाडी, रेल्वे लाइन, सगळंच शंभरेक मीटर सरकलेलं!

कारण असं की जुन्या शीट्स एव्हरेस्ट १८३० नावाच्या स्फेरॉइडवर काढल्यात आणि जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ वर. दोघांच्या विषुववृत्तीय त्रिज्येतच सुमारे ८६१ मीटरचा फरक आहे, शिवाय केंद्रंही एका जागी नाहीत. पण म्हणून एव्हरेस्टचे आकडे टाकाऊ नाहीत. ते भारताच्या जमिनीला बेतून शिवलेल्या कपड्यासारखे आहेत, आणि त्याचं माप मुख्यतः लॅम्ब्टनने घेतलेलं.

शंभर मीटरने काय फरक पडतो, असं कुणी म्हणेल. आमच्याकडे मीरा-भाईंदरला खाडी, मिठागरं आणि तिवरं आहेत. मुंबई हायकोर्टाने २००५ साली तिवरांभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. आता नकाशाच शंभर मीटर सरकला, तर तो पट्टा उरला कुठे? बिल्डिंग आत की बाहेर, हे मग कोण सांगणार?

असो. लॅम्ब्टन मूळचा इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा, साध्या घरातला. पलटणीबरोबर अमेरिकेत लढायला गेला, १७८१ साली यॉर्कटाउनला कैद झाला. पुढे बरीच वर्षं कॅनडात बराकींचा कारभार बघत बसला. तिथे करण्यासारखं काही नव्हतं म्हणून पठ्ठ्याने स्वतःच गणित शिकून घेतलं. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघण्यात एका डोळ्याची नजर गेली, तरी आकाश बघणं काही सुटलं नाही. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत रात्री फौज भलत्याच दिशेने, थेट शत्रूकडे चालली होती. ते याने ताऱ्यांवरून ओळखलं.

लढाई संपली आणि त्याने प्रस्ताव मांडला : अख्खा द्वीपकल्प त्रिकोणांनी मोजू या. एक बाजू जमिनीवर नीट मोजायची, मग दोन टोकांवरून कोन घ्यायचे, बाकीच्या बाजू गणितातून निघतात. मद्रासच्या एका अधिकाऱ्याला हे फालतू वाटलं. श्रीरंगपट्टणला जायचं तर पालखीच्या भोयांना सांगितलं की झालं, नकाशा हवा कशाला, असं त्याचं म्हणणं. (असे लोक प्रत्येक कमिटीत असतात!)

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटला पहिली बेसलाइन सुरू झाली. साडेसात मैल, १०० फुटी पोलादी साखळी, ५७ दिवस. आमच्या सर्व्हे कॅम्पला दोन तासांत पाठ धरते, म्हणून हे वाचून मी गप्पच झाले. त्याचा मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. लंडनहून येताना फ्रेंचांनी जहाजच पकडलं, पण यंत्र कशाचं आहे हे कळल्यावर मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने पाठवून दिलं.

पहिल्याच मोठ्या कामात कळलं, की मद्रास ते मंगळूर हे अंतर जुन्या नकाशांत ४० मैल जास्त दाखवलंय. कंपनीचा एवढा मुलूख कागदावरच होता म्हणायचा!

सगळ्यात मला आवडतो तो १८०८ चा प्रसंग. तंजावरला सपाट प्रदेश, टेकडी नाही, म्हणून यंत्र देवळाच्या गोपुरावर चढवत होते. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं, वर्तुळाकार पट्टीच वाकली. दुसरं यंत्र मागवायचं तर वर्षं गेली असती. लॅम्ब्टनने कोणावर आरडाओरडा केला नाही. तंबूत कोंडून घेऊन सहा आठवडे ती पट्टी हाताने थोडी थोडी मूळ आकारात आणली, आणि काम पुढे चालू. ज्या खलाशांनी ते धूड वीस वर्षं डोक्या-खांद्यावरून नेलं, तापाने मेले, त्यांची नावं मला कुठेच सापडली नाहीत.

कन्याकुमारीपासून सुरू केलेली रांग वऱ्हाडापर्यंत आली, तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. हैदराबादहून मुक्काम नागपूरला हलवायला निघाला आणि खोकल्याने पोखरलेला वाटेतच, हिंगणघाटच्या तळावर गेला. पुढचं काम १८१८ पासून हाताखाली असलेल्या एव्हरेस्टकडे आलं. त्याने ती रांग हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली, १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे आकडे काढले, आणि १८६५ साली शिखराला त्याचं नाव मिळालं. सॉफ्टवेअरच्या यादीतही नाव येतं ते एव्हरेस्टचंच.