रविवार मिळवून देणारे नारायणराव



रविवार आला की घरची मंडळी उशिरा उठतात. आपली चूल काही बंद राहत नाही, तरी घरात माणसे असतात हेच समाधान. पण हा रविवार फुकट मिळालेला नाही. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. घरची गरिबी, म्हणून मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी रेल्वेत व पोस्टात नोकरी केली. पुढे मुंबईच्या एका गिरणीत काम करताना त्यांनी कामगारांचे हाल पाहिले. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, सुट्टी नाही, जेवायलाही पुरता वेळ नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे ते होते. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधू' पत्र मुंबईहून चालविले.

१८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. पण तो शंभराहून कमी माणसांच्या आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त न चालणाऱ्या कारखान्यांना लागू नव्हता. आपल्या खानदेशातील कितीतरी जिन त्यामुळे सुटले. १८८४-८५ च्या सरकारी चौकशीत उघड झाले की, या जिनांत बहुतेक बायाच होत्या आणि त्या पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत. हंगाम भरात आला की रात्रंदिवस काम चाले. हे वाचताना मला माझी आई आठवली. ती जिनात जाई. कापसाच्या तंतूंनी तिचा खोकला हटत नसे.

नारायणरावांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती व जखमी झाल्यास पगार मागितला. त्या अर्जावर साडेपाच हजारांच्या सह्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायाही बोलल्या! त्या काळी हे केवढे धैर्य! १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या नव्या कायद्याने बायकांचे काम अकरा तासांवर आणले आणि पन्नास माणसांचा कारखानाही कायद्याखाली घेतला. विधवांचे केशवपन करू नये म्हणून त्यांनी नाभिक बांधवांनाही एकत्र आणले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट चाळींत तो फार पसरला. नारायणराव रोग्यांच्या सेवेत राहिले, त्यांनाच प्लेग झाला, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाईही प्लेगनेच गेल्या. १८९८ साली सरकारने मुंबईत घरसुधारणेसाठी ट्रस्ट काढला. तोवर किती जीव गेले होते!

आज कायदे पुष्कळ आहेत. पण निरीक्षक एकदा येऊन जातो, आपण तिथे रोज असतो. आपल्या गल्लीतील जी बहीण जिनात किंवा कारखान्यात जाते, तिला एवढे तरी विचारू या : तिथे पिण्याचे पाणी आहे का? बायांसाठी संडास आहे का? नसेल तर तिच्याबरोबर अर्जावर आपणही सही करू या. त्या दोन बायांनी दहा हजारांपुढे तोंड उघडले. आपल्याला तर शेजारणीपुढेच उघडायचे आहे.