अननसाकडून धुराकडे

पीयूसी म्हणजे आपल्याकडे विम्याच्या कागदामागे खोचून ठेवायची चिठ्ठी. हवालदाराने गाडी अडवली की तिची आठवण होते. गाडीच्या सायलेन्सरमधून बाहेर पडणारा वायू तपासला पाहिजे, हा विचार ज्यांच्या संशोधनामुळे भक्कम पायावर उभा राहिला, ते आरी हागेन-स्मिट मात्र मूळचे वासांचे अभ्यासक होते. मला त्यांच्या आयुष्यातील हे वळण फार मोलाचे वाटते.

त्यांचा जन्म १९०० साली हॉलंडमधील उट्रेख्ट शहरात झाला. वडील तेथील टांकसाळीत रसायनतज्ज्ञ. मुलगाही रसायनशास्त्राकडे वळला आणि १९३७ मध्ये अमेरिकेतील पासाडेना येथे कॅलटेक या संस्थेत दाखल झाला. वनस्पतींची संप्रेरके, कांदा-लसणाचा दर्प, अननसाचा स्वाद हे त्यांचे विषय. अननसाचा सुवास गोठवून गोळा करायचा आणि त्यात कोणती द्रव्ये आहेत ते शोधायचे, असे ते काम.

शेजारच्या लॉस एंजेलिसला १९४३ पासून एका विचित्र धुरकटपणाने ग्रासले होते. डोळे चुरचुरत, भाजीपाल्याची पाने करपत. संशय कारखान्यांवर आणि घरोघरी कचरा जाळण्यावर होता. हागेन-स्मिट यांनी अननसासाठी वापरलेल्या तंत्रानेच शहरातील हवा थंड करून पाहिली. हाती आले ते उग्र वासाच्या तपकिरी द्रवाचे काही थेंब. त्यातून उलगडा झाला तो असा : पेट्रोलची न जळलेली वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे गाड्यांतून व तेलशुद्धीकरण कारखान्यांतून बाहेर पडतात, उन्हात त्यांची रासायनिक क्रिया होते आणि ओझोन तयार होतो. तो ओझोन ताणलेल्या रबराला भेगा पाडतो, हेही त्यांनी पुराव्यासाठी वापरले. म्हणजे खरा त्रास सायलेन्सरच्या तोंडाशी दिसतच नव्हता. तो बाहेर पडल्यावर, उन्हात शिजत होता.

तेल कंपन्यांना हे पचणे शक्य नव्हते. त्यांच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनातून या निष्कर्षांवर शंका घेतल्या गेल्या. हागेन-स्मिट तोवर आपल्या स्वादांकडे परतले होते. पण त्यांच्याच संस्थेत येऊन एका वक्त्याने त्यांचे काम खोडून काढायचा प्रयत्न केला, तेव्हा हा शांत माणूस चिडला. अननस बाजूला पडला आणि ते पुन्हा धुराकडे वळले. विद्वानाचा राग असा कामी यावा!

पुढे १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाने गाड्यांच्या धुरावर मर्यादा घातली आणि १९६८ मध्ये राज्याच्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९७३ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यांना त्या पदावरून दूर केले. १९७७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. एल माँटे येथील मंडळाच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या चाचणीच्या वेळी सभ्यपणे वागतात आणि रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइडे सोडतात, ही २०१५ मध्ये उघड झालेली लबाडी पकडण्यात याच मंडळाच्या चाचण्यांचा मोठा वाटा होता.

आता आपल्याकडे पाहू. पीयूसीच्या रूढ चाचणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल गाडीच्या धुराची दाटी पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे, म्हणजे हागेन-स्मिट यांनी पकडलेल्या जोडगोळीतला दुसरा आरोपी, तेथे सुटतो. नव्या गाड्यांना २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा नियमांत त्याच्यावर कडक मर्यादा आहे, हे खरे. पण गाडी जुनी झाल्यावर तिची यंत्रणा शाबूत आहे का, हे पाहणार कोण? माझ्या गाडीची नळी सायलेन्सरमध्ये नीट न घालताच हातात कागद पडल्याचा अनुभव मीही घेतला आहे. पण चाचणी प्रामाणिक झाली, तरी तिने विचारायचाच नाही असा प्रश्न उरतो.

डोळ्यांना काळा धूर दिसला नाही की आपण निश्चिंत होतो. पुण्या-नागपुरात गाड्या कमी नाहीत आणि ऊनही कमी नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मोजणी पीयूसीत येईपर्यंत त्या चिठ्ठीला मी अर्धाच पुरावा मानेन.