राणी व्हिक्टोरियाने वाचली होती ठगाची 'कबुली'. कोण होते बुलढाणा सांभाळणारे मेडोज टेलर?

भंडारा : ओटीटीवर खऱ्या गुन्ह्यांच्या मालिका पाहणाऱ्यांना फिलिप मेडोज टेलर हे नाव माहीत नसेल. पण भारतातल्या खऱ्या गुन्ह्यांवर गाजलेली पहिली इंग्रजी कादंबरी त्यांचीच. तिच्यातल्या अमीर अलीच्या नावावर तब्बल ७१९ खून आहेत.

टेलर यांचा जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी ते व्यापाऱ्याकडे कामाला म्हणून मुंबईला निघाले. तो व्यापारी डबघाईला आलेला निघाला. मग निजामाच्या फौजेत नोकरी मिळाली आणि पुढे पोलिसाचे काम. वाटसरूंचे गळे कोण आवळतंय याचा तपास ते करत होते, तेवढ्यात त्यांना पलटणीत परत बोलावलं गेलं. ठगांचा छडा लावल्याचं श्रेय जबलपूरच्या स्लीमन यांना मिळालं. ही सल टेलर यांना आयुष्यभर राहिली.

पुढे माफीच्या साक्षीदारांचे जबाब त्यांनी स्वतः घेतले. त्यातूनच १८३९ मध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही तीन खंडांची कादंबरी आली. छपाई सुरू असतानाच राणी व्हिक्टोरियाने तिची पानं मागवून वाचली.

खरा प्रश्न इथेच आहे. जबाब देणाऱ्याचा जीव त्या जबाबावरच टिकून होता. शिवाय १८३६ च्या कायद्यानुसार कोणता खून केला हे सिद्ध करण्याची गरज नव्हती. ठगांच्या टोळीत होता एवढं ठरलं तरी जन्मठेप. अशा कबुलीत खरं किती, यावर इतिहासकार आजही भांडतात. जन्मानेच गुन्हेगार ही कल्पना पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली. तिचे चटके महाराष्ट्रातल्या पारध्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले.

टेलर मात्र निव्वळ गोरे साहेब नव्हते. १८५३ नंतर नळदुर्ग जिल्हा त्यांच्याकडे आला. अभियांत्रिकीची पदवी नव्हती, मोजणी ते स्वतःच शिकले आणि रस्ते, तलाव बांधले. (चार वर्षं इंजिनिअरिंग करून आम्ही बातम्या लिहितो, तो भाग वेगळा.) १८५७ च्या उठावात त्यांना वऱ्हाडात बुलढाण्याला पाठवलं. हाताशी गोरी पलटण नसताना त्यांनी जिल्हा शांत ठेवला.

तुळजापूरच्या परिसरावर त्यांनी 'तारा' ही कादंबरीही लिहिली, १८६३ मध्ये. १८७६ मध्ये फ्रान्समधल्या मेंतोन इथे त्यांचं निधन झालं. आत्मचरित्र त्यांच्या मुलीने पुढच्या वर्षी छापलं.