कानाची पाळी जोडणारे वैद्यराज

मैत्रिणींनो, लग्नकार्यात सगळ्यांची नजर दागिन्यांवर जाते, माझी आधी कानांकडे. जड झुमके वर्षानुवर्षं वापरून कितीजणींची भोकं ओघळलेली असतात. एखादीची पाळी पार चिरलेली, म्हणून ती बिचारी कानावरून पदर घेऊन बसते. अशा वेळी मला सुश्रुताचार्य आठवतात.

काशीचे हे शल्यवैद्य नेमके कधी झाले, यावर विद्वानांचं एकमत नाही. काहीजण अडीच हजार वर्षांपूर्वीचा काळ मानतात. परंपरेनुसार ते विश्वामित्रांचे पुत्र आणि काशिराज दिवोदास धन्वंतरींचे शिष्य. गुरूंकडून मिळालेली विद्या ‘सुश्रुतसंहिते’त आली. पुढे इतरांनीही त्या ग्रंथात भर घातली.

शिकाऊ वैद्याच्या हाती थेट माणूस द्यायचा नाही, हा त्यांचा दंडक. आधी कोहळा, दुध्या, कलिंगड कापून हात बसवायचा. कान जोडायचा सराव मऊ मांसावर आणि कमळाच्या देठांवर! तान्ह्याचे कान सहाव्या-सातव्या महिन्यात, दाईच्या मांडीवर खेळण्यात रमवून टोचायचे. मुलीचा डावा कान आधी.

पाळी जोडण्याचे त्यांनी 15 प्रकार सांगितले. कडा खरवडून ताज्या करायच्या, नीट जुळवायच्या, मध-तूप लावून वर कापूस आणि कापड ठेवायचं. दोरा ना फार घट्ट, ना फार सैल. पाळीच उरली नसेल तर गालाचं कातडं घेऊन नवी करायची. काही कान जुळत नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं. खोटी आशा दाखवली नाही.

अशीच नाक जोडण्याची कला आपल्या पुण्याकडे पिढ्यानपिढ्या टिकली. तिथल्या एका कारागिरानं कपाळाच्या कातड्यातून गाडीवानाचं कापलेलं नाक घडवलं. ती हकिगत 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आली आणि 1814 मध्ये कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जननं तसंच ऑपरेशन केलं.

आजचे प्लास्टिक सर्जनही पाळीच्या कडा ताज्या करूनच टाके घालतात. फक्त आता तेवढ्या जागेला भूल देतात, आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येतं. तेव्हा ॲसिड किंवा गोंद लावून पाळी चिकटवणाऱ्यांच्या नादी लागू नका गं! डॉक्टरांकडेच जा. जखम पूर्ण भरली की ते सांगतील तेव्हा नवं भोक पाडून घ्या आणि झुमक्यांना वेलाचा आधार द्या. कान झाकून बसायचं काही कारण नाही.